शस्त्रक्रियेआधी मेंदूतील गळू आणि ट्यूमर यांतला फरक किती खात्रीने ओळखता येतो?

दिवेलागण

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. महिन्याभरापूर्वी शर्टाची बटणे लावताना त्यांच्या उजव्या हाताची बोटे अडखळू लागली. मान अवघडली असेल असे समजून त्यांनी आणि आम्हीही ते दुखणे अंगावर काढले. दोन आठवड्यांनी त्यांना फिटचा झटका आला. उजव्या हातापासून सुरू होऊन तो सर्व अंगात पसरला, आणि त्याच रात्री केलेल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय झाला. अहवालाचा शेवटचा परिच्छेद मी इतक्या वेळा वाचला आहे की तो आता पाठ झाला आहे : "कडीच्या आकारात उजळणारी गाठ, भोवती लक्षणीय सूज. शक्यता : उच्च श्रेणीचा ग्लायोमा, एकच मेटास्टॅसिस किंवा गळू."

या तीन शक्यता एका ओळीत शेजारी शेजारी बसलेल्या पाहून मी चक्रावून गेले आहे. त्यांतली एक म्हणजे मेंदूचा कर्करोग, दुसरी म्हणजे शरीरात अन्यत्र असलेला आणि अद्याप न सापडलेला कर्करोग, आणि तिसरी म्हणजे औषधांनी पूर्ण बरा होऊ शकणारा जंतुसंसर्ग. इतके महाग आणि इतके सूक्ष्म यंत्र या तिघांत फरक करू शकत नाही, हे कसे?

काही तपशील देते. वडिलांना ताप एकदाही आला नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी ९,८०० होत्या आणि सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारे प्रथिन) थोडासा वाढलेला होता. त्यांना मधुमेह आहे. पहिल्या रुग्णालयात चार दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शने आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले गेले, त्यानंतर हाताची ताकद बरीच सुधारली. आता आम्ही दुसरीकडे आलो आहोत आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी सुरू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की ऑपरेशन करायचेच आहे, तर काय निघायचे ते निघेल, आधी कळून काय उपयोग? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमक्या शब्दांत सांगताही येत नाही. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे समजावे का? आणि शस्त्रक्रियेआधी आम्ही डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायला हवेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णधवल

मी न्यूरोरेडिओलॉजीत काम करतो. तुमच्या वडिलांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या निदानाबद्दल काही म्हणणार नाही. पण "कडी" म्हणजे काय आणि तिच्यावरून फरक का कळत नाही, हे सांगू शकतो.

कॉन्ट्रास्ट म्हणून दिले जाणारे गॅडोलिनियम निरोगी मेंदूत शिरत नाही, कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. जिथे ही भिंत मोडलेली असते तिथे ते पाझरते आणि तो भाग चित्रात उजळतो. ग्लायोब्लास्टोमासारखा ट्यूमर, म्हणजे उच्च श्रेणीचा ग्लायोमा, इतक्या वेगाने वाढतो की त्याच्या मध्यभागी रक्त पुरेनासे होते, तिथल्या पेशी मरतात, आणि कडेचा जिवंत, पाझरता थर तेवढा उजळतो. गळवात उलट बाजूने तेच घडते. जंतू शिरल्यानंतर पहिले काही दिवस मेंदूचा तो भाग नुसता सुजलेला असतो, साधारण दहाव्या दिवसापासून शरीर त्याभोवती तंतूंचे कवच बांधू लागते, आणि दोन आठवड्यांच्या पुढे ते कवच पक्के होते. आत पू, बाहेर रक्तवाहिन्यांनी भरलेली भिंत. म्हणजे एका ठिकाणी मृत ट्यूमरभोवती जिवंत ट्यूमर आणि दुसऱ्या ठिकाणी पुवाभोवती शरीराने घातलेले कुंपण. गॅडोलिनियमला मात्र दोन्हीकडे कडीच दिसते. जागाही बऱ्याचदा सारखीच असते. रक्तातून वाहत आलेला जंतू आणि रक्तातून वाहत आलेली कर्करोगाची पेशी या दोन्ही मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर, जिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात, तिथेच अडकतात.

म्हणून नुसत्या कॉन्ट्रास्टच्या चित्रावर थांबू नये. ज्या क्रमिकेने, म्हणजे एमआरआयच्या चित्रप्रकाराने, खरा फरक पडला ती म्हणजे डिफ्यूजन. तिच्यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे मोजले जाते. पू दाट असतो. त्यात पांढऱ्या पेशी, जंतू आणि प्रथिने ठासून भरलेली असतात, त्यामुळे पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि कडीच्या आतला भाग डिफ्यूजनच्या चित्रात पांढराशुभ्र दिसतो. ट्यूमरच्या मध्यभागी असलेले मृत द्रव्य तुलनेने पातळ असते, तिथे पाणी मोकळे हलते आणि तो भाग काळपट राहतो. मात्र केवळ पांढरे दिसले म्हणून समाधान मानू नये. साधे पाणीसुद्धा या चित्रात पांढरे भासू शकते, म्हणून शेजारी एडीसी नकाशा (पाण्याच्या हालचालीचे प्रत्यक्ष मोजमाप दाखवणारे चित्र) ठेवून तीच जागा तिथे काळी आहे ना, हे पाहावेच लागते. एडीसीचे मूल्य सेकंदाला चौरस मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. पुवात ते बहुधा एकाच्या खाली आणि ट्यूमरच्या मृत भागात बहुधा दीडच्या वर असते.

ही पद्धत किती भरवशाची आहे? ११५ रुग्णांमधील १४७ पोकळ गाठींच्या एका अभ्यासात डिफ्यूजनने गळू आणि कर्करोग यांत फरक करण्याची संवेदनशीलता (गळू असताना ते ओळखणे) आणि विशिष्टता (गळू नसताना तसे सांगणे), दोन्ही ९६ टक्के निघाली होती. हा आकडा फार चांगला आहे. पण उरलेले चार टक्के ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्यासाठी तो पुरेसा नाही, आणि ते चार टक्के कोण हे आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक असते. रक्तस्राव झालेला ट्यूमर आतून पुवासारखा दिसू शकतो. काही मेटास्टॅसिसमधले द्रव्यही दाट असते. उलट, काही दिवस अँटिबायोटिक मिळालेले गळू, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची गाठ, बुरशीचे गळू आणि क्षयाची गाठ डिफ्यूजनमध्ये अजिबात पांढरी न होण्याचा संभव असतो. तुमच्या वडिलांना चार दिवस औषध मिळाले आहे, म्हणून एमआरआय औषधाआधीचा की नंतरचा, ही तारीख रेडिओलॉजिस्टना अवश्य सांगा. हा एक तपशील आमच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि आम्ही नाहक गोंधळतो.

बाकीचे पुरावे एकावर एक रचावे लागतात. गळवाची भिंत सहसा पातळ आणि गुळगुळीत असते, आणि मेंदूतील पोकळीकडे असलेल्या बाजूला ती अधिकच पातळ असते, कारण तिकडे रक्तपुरवठा कमी असल्याने कवच नीट बांधले जात नाही. ट्यूमरची भिंत जाड, ओबडधोबड, आत गाठी आलेली असते. एसडब्ल्यूआय नावाच्या क्रमिकेत गळवाभोवती दोन समकेंद्री कड्या दिसतात, बाहेरची काळी आणि आतली उजळ. हे चिन्ह मला स्वतःला फार उपयोगी वाटते. परफ्यूजनमध्ये भिंतीतून वाहणारे रक्त मोजतात. ग्लायोब्लास्टोमाच्या भिंतीत ते पुष्कळ असते, गळवाच्या भिंतीत कमी. आणि स्पेक्ट्रोस्कोपीत कडीच्या आतल्या द्रव्याची रासायनिक ओळख पटते : आलेखावर ०.९ पीपीएम या स्थानी व्हॅलिन, ल्यूसिन यांसारख्या अमिनो आम्लांचे शिखर, सोबत १.९ ला अ‍ॅसिटेट आणि २.४ ला सक्सिनेट दिसले, तर ते जंतूंचे आणि पुवाचे लक्षण, कारण ही रसायने ट्यूमरच्या पेशी तयार करत नाहीत. ट्यूमरच्या भिंतीत ३.२ ला कोलीन वाढलेले सापडते. क्षयाच्या गाठीत अमिनो आम्ले नसतात, १.३ ला मेदाचे उंच शिखर तेवढे असते.

यांतली एकही खूण एकटीने निकाल देत नाही. पण चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर "ग्लायोमा, मेटास्टॅसिस किंवा गळू" असे लिहून हात झटकण्यापेक्षा "गळवाची शक्यता सर्वाधिक, कारण अमुक" असे लिहिणे ही आमची जबाबदारी आहे, असे मी मानतो.

दिवेलागण

मनापासून आभार. तुमचे उत्तर छापून आज तज्ज्ञांसमोर ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि मला खुर्ची ओढून शेजारी बसायला सांगितले. एमआरआय अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा आहे. डिफ्यूजनची क्रमिका घेतलेली होती, पण मूळ अहवालात तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. पडद्यावर दोन चित्रे शेजारी होती : एकात कडीच्या आतला भाग पांढरा, दुसऱ्यात तीच जागा कोळशासारखी काळी. आतल्या बाजूची भिंत बाहेरच्यापेक्षा पातळ आहे, हेही त्यांनी दाखवले. स्पेक्ट्रोस्कोपी उद्या करणार आहेत, आणि छाती व पोटाचा सीटी स्कॅनही, म्हणजे अन्यत्र कर्करोग आहे का ते कळेल.

त्यांनी वडिलांना कान, सायनस आणि दात यांबद्दल विचारले, तेव्हा वरच्या एका दाढेला दोन वर्षांपासून अधूनमधून सूज येते आणि आपोआप उतरते, हे प्रथमच बाहेर आले. आम्हा घरच्यांनाही ते माहीत नव्हते.

आता माझा प्रश्न बदलला आहे. गळू असण्याचीच शक्यता जास्त असेल, तर डोक्याला भोक न पाडता केवळ औषधांनी उपचार का करू नयेत?

शल्यक

मी न्यूरोसर्जन आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो अनेक घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर फार ठोस आहे. आधी कळण्याचा उपयोग असा की दोन्ही आजारांची शस्त्रक्रिया एक नाही.

ग्लायोमा असल्यास कवटीचा मोठा तुकडा उचलून, हाताच्या हालचालीचा भाग जपत, शक्य तेवढा ट्यूमर काढणे हा हेतू असतो. त्यासाठी कधी रुग्णाला जागे ठेवून त्याचा हात हलतो आहे ना हे पाहत पुढे जावे लागते, आणि तासन् तास लागतात. गळू असल्यास कवटीला एक लहान छिद्र पाडून, नॅव्हिगेशनच्या किंवा स्टीरिओटॅक्टिक चौकटीच्या आधाराने सुई नेमकी पोकळीत नेऊन पू ओढून घेतला, की बहुतेक काम होते. ट्यूमर समजून गळवाची भिंत कापत गेलो, तर पू आसपास सांडण्याचा धोका असतो, आणि तो मेंदूच्या पोकळीत उतरला तर जिवावर बेततो. उलट, गळू समजून केवळ सुई घालून बाहेर आलो आणि तो ग्लायोब्लास्टोमा निघाला, तर रुग्णाला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते आणि मधला वेळ वाया जातो. म्हणून शस्त्रक्रियागृहात जाताना माझ्याकडे शक्यतांचा क्रम असतो आणि प्रत्येक शक्यतेसाठी सामग्री मांडलेली असते. पहिला नमुना मिळताच पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर त्याचा दाब देऊन तपासतात. अर्ध्या तासात "पांढऱ्या पेशींचा खच आहे, ट्यूमर दिसत नाही" किंवा "ग्लायोमा आहे" असा निरोप येतो, आणि तिथून पुढचा मार्ग ठरतो.

केवळ औषधे का नकोत? अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गळवात औषध आतपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि कोणता जंतू हे न कळल्यास सहा ते आठ आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागते. गाठी अनेक, लहान आणि खोल असतील, किंवा जंतू रक्तातून आधीच सापडला असेल, तर आम्हीही सुई न घालता औषधांवर राहतो. तुमच्या वडिलांची गाठ तीन सेंटिमीटरची आहे आणि एकच आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी पू काढण्याचा विचार केला असल्यास तो योग्य वाटतो.

तापाबद्दल : डोकेदुखी, ताप आणि अवयवाची कमजोरी ही पाठ्यपुस्तकातली त्रयी एकत्र येते ती मेंदूतील गळवाच्या साधारण पाचातील एका रुग्णात, आणि ताप असतो जेमतेम अर्ध्या रुग्णांत. पांढऱ्या पेशीही पुष्कळांत वाढलेल्या नसतात. म्हणून ताप नाही या एका गोष्टीवर संसर्ग नाही असे ठरवणे ही फार महागात पडणारी चूक आहे. आणखी एक गोष्ट. अशी गाठ असताना "पाठीतले पाणी काढून संसर्ग आहे का पाहू" असे कोणी सुचवले, तर प्रश्न विचारा. कवटीत दाब वाढलेला असताना खालून पाणी काढल्यास मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो, आणि त्या पाण्यात गळवाचा जंतू सापडण्याचे प्रमाणही कमी असते.

डेक्सामेथासोनबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हाताची ताकद सुधारल्याचा आनंद तुमच्या लिहिण्यात दिसला. ती सुधारणा सूज उतरल्याची आहे. सूज ग्लायोमाभोवती उतरते तशीच गळवाभोवतीही उतरते, त्यामुळे निदानाला तिचा काहीच उपयोग नाही. उलट स्टिरॉइडने गळवाचे कवच बांधले जाणे मंदावते, आणि गाठ लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची) असेल तर ती स्टिरॉइडने इतकी वितळते की बायोप्सीत काही सापडत नाही आणि निदान आठवड्यांनी पुढे जाते. सूज जीवघेणी असेल तर स्टिरॉइड द्यावेच लागते, यात वाद नाही. पण निदान अनिश्चित असताना आणि रुग्ण शुद्धीवर, स्थिर असताना ते सवयीने सुरू होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तुम्ही मात्र ते स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना एवढेच विचारा की ते किती दिवस आणि कशासाठी चालू आहे.

स्कॅन नसतानाही हा फरक ओळखण्याची धडपड किती जुनी आहे, हे आठवले की मला धीर येतो. १८७६ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन यांनी एका मुलाच्या झटक्यांच्या आणि बोलण्याच्या लक्षणांवरून डाव्या फ्रंटल लोबमध्ये गळू असल्याचे ताडले आणि शस्त्रक्रियेची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मुलगा दगावल्यानंतर त्यांनी ठरवलेल्या जागीच कवटी उघडली, आणि पू नेमका तिथेच होता. १८९३ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा गळवासाठी शस्त्रक्रिया केलेल्या १९ रुग्णांपैकी १८ वाचले होते. त्यानंतर कित्येक दशके इतरांना तो आकडा गाठता आला नाही. १९६० च्या दशकात मेंदूतील गळवाने दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. स्कॅन आणि चांगली औषधे आल्यावर ते आता १० टक्क्यांच्या आसपास आले आहे.

पेट्रीडिश

मी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत एक दुवा राहून गेला, तो जोडते. माझ्या अनुभवात घोळ होतो तो बहुधा तिथेच.

शस्त्रक्रियागृहातून नमुना निघतो तेव्हा शेजारी फॉर्मालिनची बाटली तयार असते, कारण ट्यूमर असेल या अपेक्षेने सगळे तयारी करून बसलेले असतात. सगळा नमुना त्या बाटलीत गेला की पॅथॉलॉजीचे काम होते, पण फॉर्मालिन जंतूंना मारून टाकते आणि माझ्या हाती काहीच उरत नाही. पॅथॉलॉजिस्टनी दोन दिवसांनी "पू आहे, ट्यूमर नाही, कल्चर पाठवले आहे का?" असे विचारल्यावर फोनच्या त्या टोकाला पसरलेली शांतता मी एकापेक्षा अधिक वेळा ऐकली आहे. म्हणून आमच्या क्षेत्रात जुना दंडक आहे : ट्यूमर वाटला तरी कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करा, संसर्ग वाटला तरी पॅथॉलॉजीला पाठवा. दिवेलागणताई, तुम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा की नमुना दोन्हीकडे जाणार आहे ना.

पू कापसाच्या काडीवर टिपून पाठवू नये. तो सिरिंजमध्येच, हवा काढून टाकून, लगेच प्रयोगशाळेत यावा, कारण दातांतून आणि सायनसमधून येणारे कितीतरी जंतू हवेत तग धरत नाहीत. मागणीपत्रावर साध्या कल्चरबरोबर हवेविना वाढणाऱ्या जंतूंचे, क्षयाचे आणि बुरशीचे कल्चर स्पष्ट लिहिलेले असावे, आणि वडिलांना मधुमेह आहे हेही लिहावे. बुरशीचा विचार आम्ही तेव्हा अधिक गांभीर्याने करतो. क्षयाचे कल्चर उगवायला आठवडे लागतात, म्हणून पुवावर क्षयाची जनुकीय चाचणीही त्याच दिवशी करून घ्यावी. एचआयव्ही तपासणी झाली नसेल तर ती करावी, कारण तिच्या निकालाने शक्यतांची सगळी यादीच बदलते. तिथे टोक्सोप्लाझ्मा आणि लिम्फोमा पुढे येतात.

चार दिवसांच्या अँटिबायोटिकबद्दल. गंभीर आजारी नसलेल्या रुग्णात, शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो २४ तासांत होणार असेल, तर पू मिळेपर्यंत अँटिबायोटिक थांबवून ठेवता येते, असे २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. कल्चरमध्ये काही न उगवल्यास घाबरू नका आणि त्याचा अर्थ "म्हणजे ट्यूमर होता" असाही लावू नका. मेलेल्या जंतूंची जनुके पुवात शिल्लक असतात आणि १६एस नावाच्या चाचणीने त्यांची ओळख पटवता येते. त्यासाठी थोडा पू गोठवून राखून ठेवावा लागतो. नंतर मागितला तर तो उरलेला नसतो, म्हणून आधीच सांगून ठेवा.

पुनश्च

आमचा अनुभव उलटा आहे, तो लिहिणे मला कर्तव्य वाटते. माझ्या आईच्या मेंदूत दोन सेंटिमीटरहून मोठी कडी दिसली, तेव्हा एका रुग्णालयात ती क्षयाची गाठ असावी असे ठरवून क्षयाची औषधे आणि सोबत स्टिरॉइड सुरू केले. नमुना घेतला नाही. तीन आठवड्यांत तिची डोकेदुखी गेली, ती पुन्हा स्वतः चालू लागली, आणि आम्ही सर्वांनी निदान बरोबर ठरले असे धरून चाललो. स्टिरॉइड कमी करत आणले तसतशी लक्षणे परत आली, तेव्हाही "औषधाला वेळ द्या" असेच सांगितले गेले. चौथ्या महिन्यात दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ दुप्पट झालेली दिसली आणि बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा निघाला.

आजार मुळातच असा होता की आधी कळले असते तरी ती बरी झाली असती असे मी म्हणत नाही. पण ते चार महिने तिला आणि आम्हाला खरे काय ते माहीत असायला हवे होते. शल्यक यांनी स्टिरॉइडच्या सुधारणेबद्दल जे लिहिले आहे ते आम्हाला तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही तिसऱ्या आठवड्यात निश्चिंत झालो नसतो.

कृष्णधवल

पुनश्च, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या आईच्या संदर्भात एक गोष्ट नोंदवतो. नमुना न घेता उपचार सुरू करणे हे नेहमीच चुकीचे नसते. लहान, वीस मिलिमीटरच्या आतली, गोल आणि आत ठिपक्यासारखे डोके दिसणारी कडी ही बहुधा फीतकृमीच्या अळीची, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिसची असते, आणि तिथे सुई घालणे अनावश्यक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच निकष मांडले : वीस मिलिमीटरहून मोठी, वेड्यावाकड्या कडेची, मेंदूला बाजूला ढकलणारी किंवा कमजोरी वाढवत नेणारी गाठ असेल, तर ती अळी समजू नये. ज्या गाठी या चौकटीत बसत नाहीत, त्यांच्यावर अंदाजाने उपचार करायचेच असतील तर पुढच्या स्कॅनची तारीख उपचाराच्या पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला गाठ अपेक्षेप्रमाणे लहान झालेली नसेल तर नमुना घ्यायचा हेही तेव्हाच ठरलेले असावे. टोक्सोप्लाझ्माच्या बाबतीत ही मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. क्षयाच्या गाठीला अधिक वेळ लागतो आणि ती सुरुवातीला थोडी वाढूही शकते, त्यामुळे मोह होतो तो थांबण्याचा. पण चार महिने हा फार मोठा काळ आहे.

दिवेलागण (अकरा दिवसांनी)

येथे लिहिणाऱ्या सर्वांना कळवणे आवश्यक वाटते.

स्पेक्ट्रोस्कोपीत अमिनो आम्लांचे आणि अ‍ॅसिटेटचे शिखर दिसले. छाती-पोटाच्या स्कॅनमध्ये काही सापडले नाही. मोठी शस्त्रक्रिया रद्द करून डॉक्टरांनी सुईने पू काढण्याचे ठरवले, आणि ते पाऊण तासात आटोपले. आदल्या संध्याकाळी मी नमुना दोन्हीकडे पाठवण्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने तसे लिहिलेले मला दाखवले. सुमारे आठ मिलिलिटर पिवळसर, दुर्गंधीयुक्त पू निघाला. भिंतीचा बारीक तुकडा पॅथॉलॉजीला गेला. त्यात दाहाच्या पेशी आणि तंतू आहेत, ट्यूमरच्या पेशी नाहीत.

पेट्रीडिश यांनी म्हटल्याप्रमाणेच कल्चरमध्ये काहीही उगवले नाही. पाचव्या दिवशी "वाढ नाही" असा अहवाल आला, तेव्हा घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली की मग नक्की काय आहे. गोठवलेल्या पुवावरच्या १६एस चाचणीत स्ट्रेप्टोकॉकस इंटरमीडियस सापडला. दंतवैद्यांनी त्या दाढेचा एक्स-रे काढला, तिच्या मुळाशी हाड झिजलेले आहे. गळू आटोक्यात आल्याचे पुढच्या स्कॅनमध्ये दिसले की दाढ काढणार आहेत. स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने थांबवले आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल शिरेतून चालू आहेत, एकूण सहा आठवडे द्यायचे आहेत, आणि झटक्याचे औषध त्यानंतरही पुष्कळ दिवस राहील.

आज सकाळी वडिलांनी शर्टाची वरची तीन बटणे स्वतः लावली. चौथे मी लावले.